घोड्याचे व्यक्तिचित्र

संशयी : प्राण्याच्या चित्राला ‘व्यक्तिचित्र’ म्हणणे ही भाषेची ओढाताण आहे. चित्रकारासमोर बसणाऱ्या माणसाला आपण कसे दिसावे याविषयी काही एक इच्छा असते. तो पोशाख निवडतो, चेहरा सावरतो, काही लपवू पाहतो, चित्रकार ते लपवलेले हुडकू पाहतो आणि या दोघांच्या चढाओढीतून व्यक्तिचित्र घडते. घोड्याच्या बाबतीत ही चढाओढच संभवत नाही, कारण आपले चित्र निघत आहे याची त्याला वार्ताही नसते. अठराव्या शतकातील इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्ज याला प्राण्यांच्या व्यक्तिचित्रांचा श्रेष्ठ कलावंत म्हणून जो मान मिळतो, तो म्हणूनच तपासून घेतला पाहिजे. त्याच्या काळी अरबी नर आणि इंग्लंडमधल्या घोड्या यांच्या संकरातून शर्यतीच्या घोड्याची ‘थरोब्रेड’ ही जात आकाराला येत होती. अशा घोड्यावर हजारो गिनींच्या, म्हणजे एकवीस शिलिंगांच्या सोन्याच्या नाण्यांच्या, पैजा लागत आणि शर्यती संपल्यावर त्याच्या पैदाशीवर मालकाची कमाई चाले. सरदार आपला वाडा रंगवून घेत, बायकामुले रंगवून घेत, तसाच घोडाही रंगवून घेत. चित्रात घोडा दिसत असला तरी ते चित्र मालकाच्या ऐपतीचे असते आणि त्याला मालमत्तेची सचित्र नोंद म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

रसिक : शब्दाचाच आधार घ्यायचा तर तो या आक्षेपाच्या विरुद्ध जातो. ‘व्यक्ती’ म्हणजे माणूस हा अर्थ मराठीत रूढ झाला आहे खरा. पण न्यायदर्शनात व्यक्ती म्हणजे इंद्रियांना प्रत्यक्ष जाणवणारी विशिष्ट वस्तू, आणि शब्दाने नेमके काय कळते याची चर्चा करताना नैयायिक व्यक्ती, आकृती आणि जाती अशी जी तीन अंगे सांगतात, त्यांचे ठरलेले उदाहरण माणूस नसून गाय आहे. समोर उभी असलेली ही एक गाय म्हणजे व्यक्ती, जिच्यावरून गाय ओळखू येते ती अवयवांची ठेवण म्हणजे आकृती, आणि साऱ्या गाईंत असलेले गोत्व म्हणजे जाती. स्टब्जच्या आधीचे इंग्लंडमधील अश्वचित्रकार, उदाहरणार्थ जॉन वूटन किंवा जेम्स सीमोर, बहुतेक वेळा जातीच रंगवीत. लांब अंग, लहान डोके, काठीसारखे पाय असा एक साचा ठरलेला होता आणि रंग वगळला तर एक घोडा दुसऱ्यापासून वेगळा काढणे कठीण होते. स्टब्जच्या चित्रात घोडा पहिल्यांदा नैयायिकांच्या अर्थाने व्यक्ती झाला. सुमारे १७६२ मध्ये मार्क्विस ऑफ रॉकिंगहॅम या सरदारासाठी काढलेले ‘व्हिसलजॅकेट’ हे तैलचित्र २९२ सेंटिमीटर उंच आणि सुमारे २४६ सेंटिमीटर रुंद आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीने १९९७ मध्ये ते १ कोटी १० लाख पौंडांना विकत घेतले. त्यात तांबूस सोनेरी रंगाचा घोडा मागच्या दोन पायांवर उठला आहे, त्याची मान पाहणाऱ्याकडे वळली आहे, आणि मालकीची जी म्हणून खूण असते, खोगीर, लगाम, स्वार, वाडा, जमीन, त्यांपैकी एकही तेथे नाही. मागच्या खुरांखाली सावलीचा थोडासा डाग आहे, तेवढीच त्या चित्रातली भूमी. पोटाच्या कडेने जाणाऱ्या शिरा कातडीखाली फुगलेल्या दिसतात आणि आयाळीचा प्रत्येक झुपका आपल्या वजनाने वेगळा पडलेला आहे. ही मालमत्तेची नोंद असेल, तर तिच्यात मालकाचा रकाना रिकामा आहे.

संशयी : रकाना रिकामा ठेवता येतो, कारण तो सर्वांना आधीच ठाऊक असतो. ते चित्र ज्याच्या वाड्यात लागले, तेथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला घोडा कोणाचा हे सांगावे लागत नव्हते. १७५९ मध्ये यॉर्कच्या मैदानावर २,००० गिनींच्या पैजेत याच घोड्याने बाजी मारली होती, हेही त्या पाहुण्यांना माहीत असणार. शिवाय मोकळी पार्श्वभूमी हा काही स्टब्जचा शोध नव्हे. १६२१ मध्ये जहांगीर बादशहाकडे आलेल्या झेब्र्याचे चित्र उस्ताद मन्सूरने काढले, तेव्हा त्यानेही त्या प्राण्याला मोकळ्या पृष्ठावरच उभे केले. व्यक्तित्वाचा एवढा गवगवा करायचा तर नावाकडे पाहावे. ‘व्हिसलजॅकेट’ हे जिन आणि काकवी मिसळून केलेल्या, सर्दीवर घ्यायच्या औषधाचे नाव होते. ज्याचे नाव दुसऱ्याच्या गमतीने पडते, ज्याचा रंग, उंची आणि वंशावळ दुसरा ठरवतो, त्याचे स्वतःचे म्हणून चित्रात काय उरते? ओझायस हम्फ्री या चित्रकार मित्राने लिहून ठेवलेल्या आठवणींत अशी एक कथा आहे की, चित्र पुरे होत आले असता खऱ्या व्हिसलजॅकेटने ते पाहिले, समोर दुसरा घोडा उभा आहे असे समजून तो त्यावर चालून गेला आणि त्याला आवरताना स्टब्जला हातातल्या रंगफळीचा मारा करावा लागला. ही कथा गौरवाने सांगितली जाते. पण अपेलीझ या ग्रीक चित्रकाराने काढलेला घोडा पाहून खरे घोडे खिंकाळले, अशी कथा प्लिनी या रोमन लेखकाच्या ग्रंथात त्यापूर्वी सतरा शतके नोंदलेली आहे. आणि कथा खरी धरली, तरी तिच्यातून इतकेच निष्पन्न होते की त्या घोड्याला चित्रात तो स्वतः दिसला नाही, परका दिसला.

रसिक : कथेविषयीचा आक्षेप मान्य करण्यात अडचण नाही, स्टब्जच्या चरित्रात अशा दंतकथा बऱ्याच शिरल्या आहेत. घोड्यावर झडप घालणाऱ्या सिंहाचा विषय त्याने तीस वर्षे पुनःपुन्हा हाताळला, त्याचे मूळ म्हणून त्याने इटलीहून परतताना आफ्रिकेच्या किनाऱ्यावर असा प्रसंग प्रत्यक्ष पाहिल्याचे सांगत असत. आज अभ्यासक त्याचे मूळ रोममधील एका प्राचीन संगमरवरी शिल्पात शोधतात. तेव्हा दंतकथा बाजूला ठेवून त्याने काय केले तेवढेच पाहावे. लिव्हरपूलमध्ये कातडी कमावण्याच्या धंद्यातल्या माणसाच्या घरी १७२४ मध्ये तो जन्मला आणि पंधरा-सोळा वर्षांचा होईपर्यंत बापाच्या हाताखाली राबला. म्हणजे जनावराचे कातडे त्याने आधी आतल्या बाजूने पाहिले, बाहेरच्या बाजूने रंगवायला तो नंतर शिकला. एका चित्रकाराकडे उमेदवारी सुरू केली, ती दुसऱ्यांच्या चित्रांच्या नकला करण्यावरून खटका उडून काही आठवड्यांतच सुटली. यॉर्कच्या रुग्णालयात त्याने शरीररचनाशास्त्र, म्हणजे प्रेत उघडून अवयवांची मांडणी अभ्यासण्याची विद्या, आत्मसात केली आणि १७५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॉन बर्टन यांच्या प्रसूतिशास्त्रावरील ग्रंथासाठी आकृत्या काढल्या. १७५४ मध्ये तो रोमला गेला तो, हम्फ्रीच्या म्हणण्याप्रमाणे, निसर्ग हा कलेपेक्षा श्रेष्ठ आहे याची स्वतःशी खात्री पटवून घेण्यासाठी, आणि ती पटताच परत फिरला. इतर चित्रकार घोड्याविषयी ऐकीव ज्ञानावर काम भागवीत असताना याने घोडा आतून जाणून घेतला. एखाद्या जिवाकडे इतक्या चिकाटीने पाहणे हा आदराचाच एक प्रकार नव्हे काय?

संशयी : ज्याला येथे आदर म्हटले आहे, त्याचा तपशील सांगितल्याशिवाय हा प्रश्न विचारणे योग्य नाही. १७५६ पासून सुमारे अठरा महिने स्टब्ज लिंकनशायरमधील हॉर्कस्टो या गावी एका शेतघरात राहिला आणि मेरी स्पेन्सर या सहचरीला मदतीला घेऊन त्याने तेथे घोडे कापले. पद्धत अशी होती की, घोड्याची मानेतली मोठी शीर कापून त्याचे रक्त वाहू द्यायचे; तो मेला की रक्तवाहिन्यांत वितळलेले मेण किंवा चरबी भरायची, म्हणजे त्या जिवंतपणी दिसतात तशा फुगलेल्या राहतात; मग छताला टांगलेल्या लोखंडी दांडीला आकड्यांनी ते धूड अडकवायचे, आकडे फासळ्यांमधून आत घालून कण्याखाली अडकवायचे, आणि खूर एका फळीवर अशा बेताने टेकवायचे की मेलेला घोडा चालताना दिसावा. त्यानंतर कातडी सोलायची, स्नायूंचा एकेक थर उतरवायचा आणि प्रत्येक थराचे रेखाटन करीत हाडापर्यंत जायचे. पहिला घोडा अकरा आठवडे टिकला म्हणतात. त्या खोलीतल्या दुर्गंधीची कल्पना वाचकाने आपापली करावी. व्हिसलजॅकेटच्या पोटाकडेची जी शीर आपण कौतुकाने दाखवलीत, ती हॉर्कस्टोच्या फळीवर मेण भरून फुगवलेली शीर आहे. एका घोड्याला नाव, रंग आणि दहा फूट उंचीचा पट मिळावा म्हणून कित्येक घोड्यांना आकड्यावर टांगले गेले. व्यक्ती हा शब्द वापरायचाच असेल, तर हॉर्कस्टोचे घोडे कोणत्या रकान्यात जातात हेही सांगावे लागेल.

रसिक : ते आकृतीच्या रकान्यात जातात, आणि ही विभागणी निष्ठुर आहे हे नाकारता येत नाही. मात्र त्या काळी काम न देणारा घोडा मारून त्याचे कातडे, चरबी आणि हाडे विकणे हा सर्वत्र चालणारा व्यवहार होता. तेथे कोणी त्या घोड्याकडे अकरा आठवडे पाहत बसत नव्हते. ती रेखाटने घेऊन स्टब्ज लंडनला आला, तेव्हा नावाजलेल्या एकाही खोदकाराने ती ताम्रपटावर उतरवण्याचे काम पत्करले नाही. दिवसा पोटासाठी व्यक्तिचित्रे आणि पहाटे व रात्री ताम्रपट, असे करीत त्याने ते काम एकट्याने पुरे केले आणि १७६६ मध्ये ‘ॲनाटॉमी ऑफ द हॉर्स’ हा अठरा पट्टांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठीची बेचाळीस रेखाटने लंडनच्या रॉयल अकादमीत आहेत. त्यांत सोललेल्या घोड्याला वेदनेचा अभिनय करायला लावलेला नाही. तो शांतपणे, जणू सकाळी पागेतून बाहेर काढल्यासारखा, पावले टाकतो आहे.

हॉर्कस्टोविषयी दोघांच्याही म्हणण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की मारून मिळवलेले ज्ञान आणि जिवंत प्राण्याकडे पाहण्याची नजर या दोन गोष्टी वेगळ्या काढून तोलता येतात. स्टब्जच्या बाबतीत ते करता येत नाही. त्याची नजर ज्या वर्षांत घडली, त्याच वर्षांत त्याच्या हातात सुरी होती.

संशयी : सुरीचा मुद्दा क्षणभर सोडला, तरी त्याची पुढची कारकीर्द मूळ आक्षेपालाच पुष्टी देते. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञासाठी त्याने १७६९ च्या सुमारास नीलगाय रंगवली आणि १७७० मध्ये मूस, म्हणजे कॅनडाहून आणलेले प्रचंड सांबरासारखे हरीण, रंगवले. हंटरला त्या मूसमध्ये व्यक्ती म्हणून काडीचा रस नव्हता. आयर्लंडच्या दलदलीत ज्या अवाढव्य हरणाची शिंगे सापडत, ते प्राणी पृथ्वीवरून नाहीसे झाले की अमेरिकेत अजून जिवंत आहेत, हा त्याचा प्रश्न होता. समोरचा मूस कमी वयाचा, शिंगे पुरती न वाढलेला. म्हणून स्टब्जने पूर्ण वाढीच्या मूसच्या शिंगांची वेगळी जोडी चित्रात जमिनीवर मांडून ठेवली. तुलनेसाठी सोबत नमुना जोडलेले चित्र हे व्यक्तिचित्र नसून पुरावा आहे. १७७२ मधला कांगारू तर त्याने जिवंत पाहिलाही नव्हता. कुक या दर्यावर्द्याच्या सफरीतून जोसेफ बँक्स या निसर्गशास्त्रज्ञाने आणलेल्या कातड्यावरून तो सिद्ध केला. १७६५ च्या सुमाराचे चित्त्याचे चित्र याहून बोलके आहे. मद्रासच्या गव्हर्नराने राजाला भेट दिलेला चित्ता विंडसरच्या उपवनात हरणावर सोडण्यात आला, तेव्हा हरणाने शिंगे रोखून त्यालाच हाकलून लावले. चित्रात या फजितीचा मागमूस नाही. तेथे चित्ता ताठ उभा आहे, एक चित्तेवान त्याच्या डोळ्यांवरची टोपी मागे सारतो आहे, दुसरा हरणाकडे बोट दाखवतो आहे. चित्रनामात ते केवळ ‘दोन हिंदी माणसे’ आहेत. राजाच्या भेटवस्तूंची यादी आणि हे चित्र यांत फरक काय?

रसिक : फरक त्या दोन माणसांच्या हातांत आहे. टोपी सारणाऱ्याची बोटे चित्त्याच्या डोक्यावर ज्या सवयीने टेकली आहेत, ती भेटवस्तूंच्या यादीत येत नाही. हे प्राणी चित्रकारापर्यंत सत्तेच्या आणि व्यापाराच्या वाटेने आले, हे कबूलच आहे. आणि ते एकट्या लंडनमध्ये घडत नव्हते. १७९० च्या सुमारास स्टब्ज जॉन हंटरसाठी, म्हणजे विल्यमच्या धाकट्या भावासाठी, हिंदुस्थानातून आलेला गेंडा रंगवीत होता, त्याच सुमारास पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा गंगाराम तांबट कागदावर उतरवीत होता. तांबटासमोरचा गेंडा पेशव्यांचा होता आणि चित्र इंग्रजांचा पुण्यातील वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने निघत होते. एक कातडी कमावणाऱ्याचा मुलगा, दुसऱ्याच्या आडनावातच तांब्याच्या धंद्याची खूण. हाताने काम करणाऱ्या घरांतून आलेल्या या दोन चित्रकारांना दरबारी थाटापेक्षा गेंड्याच्या कातडीच्या घड्या कोठे मोडतात याची अधिक चिंता होती. हुकूम दुसऱ्याचा असला, तरी पाहणे त्यांचे होते. तांबटाचा गेंडा आणि स्टब्जने १७६३ मध्ये रंगवलेला राणीचा झेब्रा ही दोन्ही चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या एकाच कलासंग्रहात आहेत.

संशयी : पाहणे चित्रकाराचे होते, हे विधान गुळगुळीत आहे. घोड्याचा पारखीसुद्धा सांधे, छाती, खूर असे बारकाईने पाहतो, आणि त्याचे पाहणे खरेदीच्या किमतीत संपते. स्टब्जची निर्विकार नजर ही पारख्याच्या नजरेहून कशी वेगळी, हे दाखवल्याशिवाय ती आदराची ठरत नाही. त्याच्या पुढच्या शतकातील एडविन लँडसीअर निदान कुत्र्याला काही वाटते असे मानून तरी रंगवीत होता.

रसिक : लँडसीअरने कुत्र्याला जे वाटते म्हणून रंगवले, ते पुष्कळदा माणसाला वाटणारे होते, १८३९ च्या त्याच्या एका गाजलेल्या चित्रात मोठा कुत्रा खानदानी गृहस्थासारखा आणि लहान कुत्रा आगाऊ पोरासारखा बसवला आहे. तेथे प्राण्याच्या कातड्याखाली माणूस घातला आहे. स्टब्जने कातड्याखाली काय असते ते पाहिले होते, म्हणून त्याला तसे करवले नसावे. त्याची नजर पारख्याच्या नजरेहून कोठे वेगळी होते, याचे उत्तर ‘हॅम्बल्टोनियन’ या १८०० मधील चित्रात मिळते. २५ मार्च १७९९ रोजी न्यूमार्केटला हॅम्बल्टोनियन आणि डायमंड या दोन घोड्यांची चार मैलांहून अधिक लांबीची शर्यत ३,००० गिनींच्या पैजेवर झाली आणि चाबूक व टाचांच्या काट्यांच्या माऱ्याखाली धावत हॅम्बल्टोनियनने ती निसटत्या फरकाने जिंकली. मालक सर हेन्री वेन-टेम्पेस्ट याला विजयाचे स्मारक हवे होते. पंचाहत्तरीच्या स्टब्जने साडेतीन मीटरांहून रुंद पटावर रंगवला तो शर्यतीनंतरचा खरारा, म्हणजे घामाने निथळणाऱ्या घोड्याचे अंग पुसून घासणे. घोड्याचे कान मागे पडले आहेत, तोंड उघडे आहे, शिरा तटतटल्या आहेत. एका बाजूला मोतद्दाराचा एक हात त्याच्या खांद्यावरून गेला आहे, दुसऱ्या बाजूला लगाम धरून प्रशिक्षक उभा आहे, आणि ही दोन्ही माणसे घोड्याकडे न पाहता चित्राबाहेर, आपल्याकडे पाहत आहेत, जणू आता काय विचारायचे ते विचारा. दूरवर शर्यतीच्या मैदानावरच्या इमारती ओस आहेत. मालक कोठेही नाही. पारख्याला दमलेल्या घोड्याचे चित्र नको असते, आणि मालकालाही ते नकोच होते की काय कोण जाणे. त्याने पैसे दिले नाहीत, स्टब्जला १८०१ मध्ये न्यायालयात जावे लागले आणि निकाल त्याच्या बाजूने लागला.

संशयी : हे चित्र आक्षेपाला भारी पडते, हे मान्य केले पाहिजे. त्यात घोड्याला इच्छा नसली तरी त्याच्यावर जे गुदरले ते आहे, आणि गुदरणे हे प्रत्येकाचे आपापलेच असते. ते जातीवर गुदरत नाही. परंतु येथूनच अधिक अवघड प्रश्न निघतो. हॅम्बल्टोनियन व्यक्ती म्हणून दिसतो, तो चाबकाने पिळला गेल्यावर. हॉर्कस्टोचा घोडा आकृती म्हणून दिसला, तो मारल्यावर. मूस जाती म्हणून दिसला, तो आपल्या रानातून उचलून आणल्यावर. प्राणी दिसण्यासाठी प्रत्येक वेळी त्याला काही तरी भोगावे लागले. आणि ज्या दमणुकीचे चित्र आज हलवून सोडते, ती दमणूक नसती तर चित्रही नसते. चित्रकाराने मालकाला चित्राबाहेर ठेवले, तरी मालकाने केलेले चित्रातच राहिले.

रसिक : ते चित्रात राहिले, हेच तर त्याचे काम. स्टब्जने कोणाचा निषेध केला असा दावा करण्याची गरज नाही. निषेध करणारा म्हणून त्याची कोठे नोंदही नाही. तो आयुष्यभर सरदारांच्या पदरी राबला, रॉयल अकादमीने त्याला सभासद निवडले तेव्हा नियमाप्रमाणे द्यावे लागणारे चित्र न दिल्याने ते सभासदत्व पक्के झाले नाही, आणि नामांकित शर्यती घोड्यांच्या चित्रमालिकेची त्याची मोठी योजना १७९० नंतरच्या दशकात पैशाअभावी बारगळली. अशा माणसाकडे विचारवंताची भूमिका चिकटवणे अन्यायाचे होईल. पण उतारवयात, १७९५ मध्ये, कोणीही सांगितले नसताना त्याने जे काम हाती घेतले, ते या वादाच्या संदर्भात दुर्लक्षिण्यासारखे नाही. मनुष्य, वाघ आणि कोंबडी या तिघांच्या शरीररचनेची तुलना करणारा तो ग्रंथ होता. तिघांचेही कातडे, मग स्नायूंचे थर, मग सांगाडा, त्याच क्रमाने, त्याच थंड बारकाईने.

संशयी : म्हणजे अखेरीस माणूसही आकृतीच्या रकान्यात आला, त्याचेही नाव पुसले गेले. याला प्राण्याचा मान वाढवणे म्हणायचे की माणसाचा कमी करणे?

रसिक : त्या ग्रंथाच्या ठरवलेल्या सहा भागांपैकी तीन प्रसिद्ध झाले होते, तेव्हा १० जुलै १८०६ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, स्टब्ज लंडनमधील आपल्या घरी वारला.